निवृत्ती रखमाजी व इतर एक

म्हैस घ्यायची असली की मावळातला माणूस तिचे दात बघतो, सड दाबून बघतो, दोन वेळचं दूध समोर काढायला लावतो, आणि तरीही घरी येऊन म्हणतो, उद्या पुन्हा एकदा बघून येतो. वकील करायचा असला की तोच माणूस फक्त वकिलाची गाडी बघतो. टाकवे बुद्रुकच्या हौशीरामनं तर तीही नीट बघितली नाही. निवृत्तीच्या वकिलाकडं गाडी नाही, एवढंच त्याला बास झालं.

निवृत्ती त्याचा चुलतभाऊ. अकरा दिवसांनी मोठा. हे अकरा दिवस हौशीरामला बावन्न वर्षं पुरले होते. गावच्या सभामंडपात फरशीवर ‘श्री. निवृत्ती रखमाजी यांजकडून’ असं कोरलेलं होतं, आणि त्याच सभामंडपाला तितकीच वाळू टाकणारा हौशीराम खालच्या ‘व समस्त ग्रामस्थ’ मध्ये बुडाला होता. पुतणीच्या लग्नपत्रिकेत त्याचं नाव ‘तसेच’ या शब्दाखाली, गॅसच्या टाक्या पोचवणाऱ्याच्या शेजारी आलं होतं. ती पत्रिका त्यानं कपाटात ठेवली होती. लोक कौतुकाचे कागद जपतात, हौशीराम अपमानाचे जपायचा, आणि मधून मधून काढून पुसून बघायचा.

निवृत्तीनं दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस उभारून लाल गुलाब लावला, तर हौशीरामनं पुढच्याच वर्षी अकरा गुंठ्यांचं केलं. वर्षभर तो सुखात होता. मग निवृत्तीनं शेजारी आणखी दहा गुंठे झाकले आणि हौशीरामच्या ताटातली भाकरी पुन्हा कमी झाली.

दोघांच्या शेतांना वाट मात्र एकच. डांबरी रस्त्यापासून निघालेली जुनी गाडीवाट आधी निवृत्तीच्या शेतात शिरायची, त्याच्या बांधाकडेनं पुढं हौशीरामच्या शेताला लागायची. आज्याच्या बैलगाड्या त्याच वाटेनं गेल्या, बापाचा ट्रॅक्टर त्याच वाटेनं गेला, आता फुलांचा टेम्पो जात होता. रस्त्याकडचा तुकडा मुंबईच्या एका शेठनं घेतला, बंगला बांधला, आणि अकरा ऑगस्टला वाटेवर आडवी भिंत घातली. पुरुषभर उंच, वर काचा. विचारायला गेले तर रखवालदारानं सांगितलं, “साहेबांच्या सातबाऱ्यावर वाट लिहिलेली नाही.” साहेब काही भेटले नाहीत. साहेब म्हणे पावसाळ्यात फक्त धबधब्याला येतात.

राहिली ओढ्याकडची पायवाट. तिथून माणूस जातो, टेम्पो जात नाही. आणि गुलाब म्हणजे भाताचं पोतं नव्हे की घेतलं डोक्यावर आणि निघालं. कळीला एक डाग पडला की व्यापारी तोंड फिरवतो. फेब्रुवारीतला व्हॅलेंटाईनचा माल हेच गुलाबवाल्याचं वर्ष. तेवढ्या पंधरा दिवसांसाठी बाकीचे साडेअकरा महिने झाडाची हुजरेगिरी करायची. त्याआधी वाट मोकळी झाली नाही तर दोघांचंही वर्ष पाण्यात जाणार होतं.

दोघांचा माल तळेगावला नेणारा टेम्पोवाला राजमहंमद, इंदुरीचा. भिंत बघून त्यानं टेम्पो वळवला आणि खिडकीतून म्हणाला, “माझ्या पोरीकडं, रुखसारकडं जावा. वडगावला तहसीलच्या आवारात बसती. रस्ता, बांध, मोजणी, फेरफार, एवढंच करती. दुसरं तिला काय येत बी न्हाई, आन ती करत बी न्हाई. पर रस्त्याच्या केसला तिच्यासारखी बाई न्हाई.”

“दोघांनी मिळून जाऊ,” निवृत्ती म्हणाला. “केस एकच हाय.”

हौशीराम हो म्हणाला. त्या दिवशी तो शहाणा होता.

रुखसारचं ऑफिस म्हणजे पत्र्याच्या शेडखाली एक टेबल, तीन खुर्च्या आणि गावनकाशांची सुरळी. वय असेल तिशीचं. तिनं दोघांना बसवलं आणि नकाशाच उघडला. गट नंबर विचारले, वाट कुठून कुठं जाते ते बोटानं दाखवायला लावलं, भिंत कुठल्या तारखेला घातली ते तीन वेळा विचारलं.

“ही केस साध्या कोर्टात न्यायची नाही, काका,” ती म्हणाली. “तिकडं गेलात तर नातवंडं तारखा घेतील. वापरातली वाट अडवली तर तहसीलदारांपुढं मामलेदार कोर्ट म्हणून दावा चालतो. लवकर निकाल लागतो. अट एकच, वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. नंतर तो दरवाजा बंद.”

“म्हंजी फेब्रुवारी,” निवृत्ती म्हणाला.

“दहा फेब्रुवारी धरून चाला. पण आपण कशाला थांबायचं? मी आजच मसुदा करते.”

तिनं लॅपटॉपवर टाइप केलं, शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडनं छापून आणलं आणि कागद दोघांपुढं ठेवला. हौशीरामनं चष्मा लावला. पहिल्याच ओळीवर तो थांबला.

*निवृत्ती रखमाजी व इतर १.*

त्यानं पान उलटलं. पुन्हा सुलटं केलं. पुन्हा वाचलं.

“हे इतर एक कोण?”

“तुम्ही, काका. आत तुमचं पूर्ण नाव आहे, अर्जदार क्रमांक दोन. वर मथळ्यात पहिलं नाव लिहितात आणि बाकीच्यांना इतर म्हणतात. ती पद्धत आहे.”

निवृत्तीनं खिशातला पेन काढून सही केली आणि पेन त्याच्याकडं सरकवला. पेन सुद्धा निवृत्तीचा. हौशीरामला वाटलं, सभामंडप एक वेळ ठीक. पत्रिका ठीक. पण माझ्या शेताच्या, माझ्या वाटेच्या, माझ्या अकरा गुंठ्यांच्या केसमध्ये मी इतर? भिंत घालणाऱ्या शेठचं नाव खाली ठळक अक्षरात पुरं लिहिलेलं होतं. चोराला नाव होतं, आणि ह्याला आकडा.

“मला काने फाट्यावर काम हाय,” तो उठत म्हणाला. “सही मागनं करतो.”

“हौशा, बस की. आर, दोन मिन्टाचं काम हाय,” निवृत्ती म्हणाला.

हौशीराम थांबला नाही. फाटकापर्यंत जाईस्तोवर त्याला मागून निवृत्ती पोरीला काहीतरी सांगताना आणि हसताना ऐकू आला. निवृत्ती कशाला हसला हे त्याला कधीच कळलं नाही. पण तो आपल्यालाच हसला हे त्यानं ठरवून टाकलं.

घरी अंबूबाईनं विचारलं, “झाली का सही?”

“मी माझा सोताचा वकील करणार हाय.”

“का? तिला काय झालं? राजभाईची पोर चांगली हाय की.”

“टेबलावर बसती ती. पत्र्याखाली. वकील कसा पायजे? दारात गाडी उभी राह्यली की समोरच्याचं पाय लटपटाया पायजेत.”

अंबूबाई तांदूळ निवडत होती. तिनं वर सुद्धा बघितलं नाही. “भित्तीला पाय हायेत व्हय?”

गाडीवाला वकील म्हणजे लोणावळ्याचे सोपानराव. त्यांचं नाव अख्ख्या मावळात ‘जामीन सोपानराव’ असं चालायचं. मागच्या वर्षी बैलगाड्यांच्या शर्यतीत डोकी फुटली आणि पाच पोरं आत गेली, तेव्हा सोपानरावांनी पाचही पोरं चौथ्या दिवशी बाहेर काढली. गावानं फ्लेक्स लावला, हार घातला, सोपानराव काळ्या गाडीच्या उघड्या टपातून हात हलवत गेले. हौशीराम त्या गर्दीत होता. त्या गाडीची काळी काच त्याच्या मनात तेव्हापासून बसली होती.

लोणावळ्याच्या ऑफिसात गारेगार हवा होती. भिंतीवर सोपानरावांचे हार घातलेले फोटो. हौशीरामनं मनात म्हटलं, निवृत्ती, बघ आता.

“काय प्रकार आहे?” सोपानरावांनी विचारलं.

“एका शेठनं भित्त घातलीय. त्याला आडवा करायचाय साहेब. असा आडवा करायचाय की चुलतभावाच्या केसच्या आधी माझं नाव झालं पायजे.”

“चुलतभाऊ त्याच्या बाजूनं आहे?”

“न्हाई. माझ्याच बाजूनं हाय.”

सोपानरावांनी क्षणभर त्याच्याकडं बघितलं. पण वकिलानं अशिलाच्या घरात किती डोकवायचं याला मर्यादा असते, आणि बाहेर अजून सात जण बसले होते. “धमकी दिली का कोणी? शिवीगाळ? अंगावर आले?”

“रखवालदार म्हन्ला, परत आला तर कुत्रं सोडीन.”

“बास,” सोपानराव म्हणाले. “एवढं पुष्कळ आहे.”

सोपानरावांना काही दोष देता येणार नाही. त्यांच्याकडं आलेल्या माणसाला त्यांनी त्यांचंच दिलं. आधी पोलिसांकडं तक्रार गेली. पोलिसांनी ती अदखलपात्र म्हणून नोंदवली आणि वाटेचं काय ते महसूलकडं बघा असं तोंडी सांगितलं. मग वडगावच्या कोर्टात खाजगी फिर्याद. धमकी, शिवीगाळ, कुत्रं. तारीख पडली. दुसरी पडली. प्रत्येक तारखेला काळी गाडी वडगावला यायची आणि हौशीराम मागच्या सीटवरून उतरायचा. तहसील पलीकडं हाकेच्या अंतरावर. पत्र्याखाली निवृत्ती रुखसारच्या टेबलाशी बसलेला दिसला की हौशीराम गाडीचं दार जरा जास्तच जोरात लावायचा.

निवृत्ती मान वर करायचा. बघायचा. पुन्हा कागदात मान घालायचा. त्या एका नजरेसाठी हौशीराम लोणावळ्याला जाऊन मग उलटा वडगावला यायचा, हे त्यानं अंबूबाईला कधी सांगितलं नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निवृत्तीचा निकाल लागला. तहसीलदार येऊन पाहणी करून गेले होते, जुन्या नकाशात वाट दिसत होती, शेजाऱ्यांचे जबाब झाले होते. अडथळा काढा असा हुकूम झाला. शेठनं भिंत पाडली, पण तेवढ्या जागेत लोखंडी फाटक बसवलं, त्याला कुलूप लावलं आणि एक किल्ली निवृत्तीच्या हातात दिली. हुकुमात एकच नाव होतं, म्हणून किल्ली एकच.

ती किल्ली निवृत्ती करदोट्याला लावून फिरू लागला. त्याच्या पैरणीच्या खाली ती वाजायची. गावात कुणाला ऐकू येत नसेल, हौशीरामला यायची.

“माग की,” निवृत्ती पारावर सगळ्यांसमोर म्हणाला. “मी काय न्हाई म्हन्तोय का? टेम्पो आला की माझ्याकडनं किल्ली न्यायची, काम झालं की आनून द्यायची.”

“माझा वकील माझी किल्ली आनंल,” हौशीराम म्हणाला.

“तो जामीन आनतो रं. किल्ली आनतो का?”

पार हसला. हौशीराम तिथून उठला तो सरळ पॉलिहाऊसमध्ये गेला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

जानेवारी संपत आला तसा गुलाब धरून आला. लाल, टपोरा, हातभर दांड्याचा. असं पीक हौशीरामला आठ वर्षांत आलं नव्हतं. निवृत्तीच्या वीस गुंठ्यांत भुरी पडली होती, हौशीरामच्या अकरा गुंठ्यांत एक पान खराब नव्हतं. देव देतो तेव्हा असं देतो. रोज सकाळी निवृत्तीच्या शेतापर्यंत राजमहंमदचा टेम्पो यायचा, फाटक उघडायचं, टेम्पो भरायचा, जायचा. आणि हौशीराम न् अंबूबाई ओलं फडकं गुंडाळलेली खोकी डोक्यावर घेऊन ओढा ओलांडायची. पायाखालचा दगड निसटला की खोकं हलायचं, खोकं हललं की कळ्या एकमेकींवर घासायच्या. तळेगावच्या व्यापाऱ्यानं पहिल्या दिवशी निम्मा माल बाजूला काढला. दुसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त.

तिसऱ्या दिवशी अंबूबाई कुणाला न विचारता निवृत्तीच्या घरी गेली आणि त्याच्या बायकोकडनं, अनिताकडनं, किल्ली घेऊन आली. अनितानं उलट चहा पाजला. हौशीराम बांधावर उभा होता. त्यानं अंबूबाईच्या हातात किल्ली बघितली.

“कुनी दिली?”

“मी मागितली.”

“परत दे.”

“फुलं कुजत्यात.”

“कुजू दे. परत दे.”

अंबूबाईनं त्याच्याकडं बघितलं. बत्तीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला दारू पिताना बघितलं नव्हतं, हात उचलताना बघितलं नव्हतं. पण आत्ता तिला वाटलं, याच्यापेक्षा दारूडा बरा, तो सकाळी तरी शुद्धीवर येतो.

“तुमच्या पोटात जे जळतंय ना,” ती शांतपणे म्हणाली, “त्याच्यावर मी इतकी वर्सं भाकरी भाजून घेतलीया. आता फुलं न्हाई भाजू द्यायची.” आणि ती किल्ली परत द्यायला निघून गेली, कारण नवऱ्याला गावासमोर खोटं पाडणं तिला जमणार नव्हतं. जाताना तिनं एकदाही मागं बघितलं नाही. एकट्याला खोकी पार नेता येईनात, आणि त्या दिवशीचा सगळा माल ओढ्याच्या कडेला उन्हात वाळला.

दोन फेब्रुवारीला हौशीराम लोणावळ्याला गेला. गारेगार हवेत बसून त्यानं विचारलं, “साहेब, माझी वाट कधी उघडणार?”

“कसली वाट?”

“शेताची. भित्तीची. निवृत्तीला किल्ली मिळाली, मला कधी?”

सोपानरावांनी पेन खाली ठेवलं. “तुम्हाला वाट पाहिजे होती?”

हौशीराम खुर्चीत पुढं सरकला.

“अहो, पहिल्या दिवशी तुम्ही काय म्हणालात? आडवा करायचाय. मला वाटलं त्याला धडा शिकवायचाय. मी त्याला फिर्यादीत अडकवू शकतो, त्याच्या रखवालदाराला कोर्टाच्या चकरा मारायला लावू शकतो. माझं काम माणूस आत घालण्याचं नाहीतर बाहेर काढण्याचं. शेताची वाट माझ्या कोर्टात मिळत नाही. ती तहसीलला मिळते.” ते पुढं झुकले. “भिंत कधी घातली?”

“अकरा ऑगस्ट.”

सोपानरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज घाईचा झाला. “मग इथं काय करताय? आठ दिवस राहिलेत. वडगावला जा. महसूलचं काम करणारा कोणीतरी गाठा. पत्र्याच्या शेडखाली एक मुलगी बसते, काय बरं नाव तिचं...”

“माहिती हाय,” हौशीराम म्हणाला.

“मग तिच्याकडं आधी का नाही गेलात?”

याचं उत्तर हौशीरामकडं होतं, पण ते गारेगार हवेत सांगण्यासारखं नव्हतं. तो एसटीनं वडगावला आला. काळ्या गाडीतून नाही. शेडपाशी पोचला तेव्हा रुखसार डबा खात होती. तिनं डबा बाजूला केला, खुर्ची पुढं ओढली आणि इतकंच म्हणाली, “या काका. मी वाट बघत होते.”

ही असली माणसं जास्त बोचतात. दोन शिव्या घातल्या असत्या तर हौशीरामला हलकं वाटलं असतं.

“पोरी,” तो खुर्चीत टेकत म्हणाला, “तवा तू माझं नाव वर का न्हाई लिवलंस?”

रुखसार त्याच्याकडं बघत राहिली. तेव्हाची तिची शंका आत्ता खरी ठरली. “म्हणजे त्यामुळंच तुम्ही उठून गेलात?”

हौशीराम टेबलाच्या कडेचा पोपडा नखानं काढू लागला.

“काका, तुम्ही तेव्हा बोलला असता तर एका मिनिटात खालचं वर केलं असतं. कोर्टाला त्याचं काही नसतं. तुम्ही गेल्यावर मीच निवृत्तीकाकांना विचारलं होतं, नावाचं काही आहे का म्हणून. म्हटलं, त्यांचं वर घेऊ का?”

“मग?”

“ते हसले आणि म्हणाले, अजिबात नाही. मी अकरा दिवसांनी मोठा आहे.”

हौशीरामचं नख थांबलं. म्हणजे निवृत्ती हसला होता तो याला. म्हणजे निवृत्तीनं सुद्धा ते अकरा दिवस मोजून ठेवले होते. त्याला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही.

“आता ऐका,” रुखसार म्हणाली. “दावा मी आज लिहिते. पण निवृत्तीकाकांची वाट उघडली, म्हणून तुमची आपोआप उघडत नाही. तुमच्या शेताला पण हीच वाट होती आणि ती त्याच दिवशी बंद झाली, हे सांगणारा शेजारी लागेल. प्रतिज्ञापत्रावर. वाट ज्याच्या बांधावरून जाते त्याचंच लागेल.”

“म्हंजी निवृत्ती.”

“दुसरं कोणी चालणार नाही.”

निवृत्ती पॉलिहाऊसमध्ये होता. भुरी पडलेली पानं तोडून पोत्यात भरत होता. हौशीराम दाराशी उभा राहिला. निवृत्तीनं बघितलं, पण आणखी दोन झाडं उरकली, मग वळला. ती दोन झाडं त्यानं मुद्दाम घेतली हे दोघांनाही ठाऊक होतं.

“किल्ली पायजे?”

“न्हाई. साक्ष पायजे.” हौशीरामनं सगळं सांगितलं. सोपानरावांचं, आठ दिवसांचं, प्रतिज्ञापत्राचं. ‘इतर एक’चं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

निवृत्तीनं पोत्याचं तोंड बांधलं आणि त्यावरच बसला. “साक्ष देतो. काय जातंय माझं. वाट तुजी बी हायेच.” तो थोडा वेळ गाठ चाचपत राहिला. “पर एक इचारू? त्या काळ्या गाडीत एसी हाय का?”

“हाय की.”

“मागं बी?”

“मागं येगळा हाय. बटन बी येगळं.”

निवृत्तीनं मान हलवली. “तू पयल्यांदा उतरलास ना त्या गाडीतनं, वडगावला... मी पत्र्याखाली घामानं भिजलोय, पोरगी नकाशे उलगडतीया, आन हौशा गाडीतनं उतरतोय. लय लागलं मला. म्हटलं, झालं. हौशानं आपल्या म्होरचा वकील गाठला. घरी येऊन अनिताला म्हटलं, आपन गरिबाचा वकील केला, चुकलं आपलं. चार दिस जेवान गेलं न्हाई.”

हौशीराम दाराशीच खाली बसला. त्याचा मोसम गेला होता, बायको चार दिवस धड बोलत नव्हती, आठ वर्षांतलं सगळ्यात चांगलं पीक ओढ्याच्या कडेला वाळलं होतं. आणि तरीही त्याच्या छातीत ऑगस्टपासून अडकलेलं काहीतरी सुटलं.

“चार दिस?” त्यानं विचारलं.

“चार.”

“सकाळचं बी न्हाई?”

“सकाळची न्याहरी करत हुतो. उगं कशाला खोटं बोलू.”

नऊ फेब्रुवारीला, एक दिवस हातात ठेवून, दावा दाखल झाला. निवृत्तीनं प्रतिज्ञापत्रावर सही केली, आणि लगेच चहाच्या गाड्यावर जाऊन चारचौघांत म्हणाला, “आमच्या हौशाला शेवटी मीच आनला बगा हितं.” हौशीरामनं ते ऐकलं. तोंडात आलेलं त्यानं चहाबरोबर गिळलं. मग रुखसारकडनं दाव्याची प्रत मागून घेतली आणि तिथंच उभ्यानं वाचली. मथळ्यात एकच नाव होतं. *हौशीराम सावळेराम.* पुढं इतर नाही, तसेच नाही, समस्त नाही. आणि चार पानं सोडून, खाली, साक्षीदार क्रमांक एक, निवृत्ती रखमाजी. ती प्रत घरी आल्यावर कपाटात लग्नपत्रिकेच्या वर गेली.

मे महिन्याच्या अखेरीस हुकूम झाला. शेठच्या माणसानं दुसरी किल्ली करून आणून दिली. अंबूबाईनं ती हातात घेऊन बघितली, नवऱ्याला दिली, आणि म्हणाली, “पुढच्या व्हॅलेंटाईनला तरी फुलं गाडीतनं जाऊ द्या.” रुखसारनं ठरल्या फीच्या वर काही घेतलं नव्हतं, म्हणून अंबूबाईनं तिच्यासाठी इंद्रायणी तांदळाची थैली राजमहंमदच्या टेम्पोत ठेवली. हौशीरामनं किल्ली करदोट्याला लावली. निवृत्तीनं लावली होती त्याच बाजूला नाही, दुसऱ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. लग्नसराईचा माल न्यायचा होता. हौशीराम राजमहंमदच्या शेजारी बसून आला. निवृत्ती नुकताच मोटारसायकलवरून आत गेला होता आणि फाटक सताड उघडं ठेवून गेला होता.

राजमहंमदनं टेम्पो आत घालायला गिअर टाकला.

“थांब,” हौशीराम म्हणाला.

तो खाली उतरला. उघडं फाटक त्यानं दोन्ही हातांनी ओढून लावलं. कडी सरकवली, कुलूप घातलं, दाबून बघितलं. मग करदोट्याची किल्ली काढली, कुलूप उघडलं, कडी मागं घेतली आणि फाटक पुन्हा सताड उघडलं.

राजमहंमद स्टिअरिंगवर हात ठेवून हे सगळं बघत होता. हौशीराम शेजारी येऊन बसल्यावर त्यानं विचारलं, “आवं, उघडंच हुतं की फाटक.”

“ते त्यानं उघडल्यालं,” हौशीराम म्हणाला. “चल.”